असा कोणी इथे राहत नाही

२०२३च्या फेब्रुवारीत अर्धं बंगळूर आपापल्या गाडीचा नंबर फोनमध्ये टाकून बघत होतं. वाहतुकीच्या थकलेल्या दंडावर सरकारने पन्नास टक्के सूट दिली होती आणि मुदत ११ तारखेपर्यंत होती. इन्फन्ट्री रोडवरच्या वाहतूक केंद्रापुढे रांग, चौकातल्या हवालदाराभोवती घोळका, ऑफिसात चहाच्या वेळी तोच विषय. नऊ दिवसांत या शहराने शंभर कोटींहून जास्त रुपये भरले, असं नंतर वाचलं.

माझ्या स्कूटरवर सहा चलनं निघाली. प्रत्येकाला फोटो जोडलेला. एका फोटोत पुढचं चाक झेब्रा पट्ट्यावर, दुसऱ्यात मागे बसलेल्या बायकोच्या डोक्यावर हेल्मेट नाही. तीन हजारांचे दीड हजार झाले. विजयनगरातल्या घरी सोफ्यावर बसून मी ते भरले. मला कोणी नाव विचारलं नाही, भाषा विचारली नाही. नंबर टाकला, पैसे गेले, पावती आली.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला.

‘‘पोलीस येऊन गेला रे. बाबांच्या नावाचं वॉरंट हाय म्हणाला.’’

बाबा मराठी शाळेतले निवृत्त शिक्षक. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे गुरुजी म्हणतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून वाक्यात उपयोग करून घेतलेली. त्यांच्या नावाने वॉरंट म्हणजे आईला काही सुचेना.

हळूहळू विचारलं तेव्हा प्रकार कळला. २०१८च्या ऑगस्टमध्ये माझा चुलतभाऊ बाबांची मोटरसायकल घेऊन आठवड्याच्या बाजाराला गेला होता. त्याच्याकडे लायसन नव्हतं. तिठ्यावर पोलिसांनी अडवलं, कागद केला, सही घेतली. घरी येऊन त्याने ‘‘मिटलं’’ एवढंच सांगितलं आणि पुढे महिन्याभरात तो गोव्याला कामाला निघून गेला. मिटलं काहीच नव्हतं. विनापरवाना चालवणारा जसा दोषी, तसा गाडी त्याच्या हाती देणारा मालकही दोषी. मोटार वाहन कायद्याच्या पाचव्या आणि एकशेऐंशीव्या कलमात तसं लिहिलेलं आहे. म्हणजे चुलतभाऊ आरोपी नंबर एक आणि गुरुजी आरोपी नंबर दोन.

‘‘मग साडेचार वर्षं कळलं कसं नाही?’’ मी विचारलं.

आई जरा गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मागं दोनदा येऊन गेले होते. जनानेश्वर कोण म्हणून विचारायचे. असला कोण आमच्यात राहत नाही म्हणून मीच पाठवून दिलं की.’’

ती खोटं बोलली नव्हती. बाबांचं नाव ज्ञानेश्वर. समन्सवर कन्नडमध्ये काय लिहिलं होतं ते तिला वाचता येत नव्हतं आणि पोलिसाच्या तोंडून जे नाव निघालं ते तिच्या नवऱ्याचं नव्हतं. या वेळी आलेल्या शिपायाने मात्र नावाचा नाद सोडला, हातातल्या कागदावरचा नंबर गोठ्याजवळ उभ्या असलेल्या मोटरसायकलशी ताडून बघितला आणि ‘‘गुरुजी, हे तुम्हीच’’ म्हणाला. कोर्टात जाऊन या, असं नीट सांगून तो गेला. कागदाची प्रत मात्र घरात कोणी मागून ठेवली नाही.

एरवी मी म्हटलं असतं, बघू सुट्टीत. पण त्याच दिवसांत मी आईबाबांचे पासपोर्टचे अर्ज भरत होतो. बहीण मस्कतला असते, तिचं बाळंतपण मे महिन्यात. अर्जात एक प्रश्न असतो : तुमच्याविरुद्ध भारतातल्या कोणत्याही न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित आहे का? आईच्या अर्जात मी ‘नाही’वर खूण करून पुढे गेलो होतो. बाबांच्या अर्जापाशी थांबलो. मोटरसायकलचा खटला असला तरी तो फौजदारीच, आणि खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मी फोनवर म्हटलं, ‘‘एवढ्याशा गोष्टीला कोण विचारतंय, नाही म्हणून टाकू.’’ बाबा म्हणाले, ‘‘कालपर्यंत माहीत नव्हतं तेव्हा नाही चाललं असतं. आता माहीत झालंय.’’

तेव्हा खटला शोधणं आलं. नंबर माहीत नाही, तारीख माहीत नाही, फक्त साल आणि तालुका. चलनांच्या सरकारी साइटवर बाबांच्या गाडीचा नंबर टाकला. काहीच थकलेलं नाही. ती कॅमेऱ्यांची आणि यंत्रावर फाडलेल्या चलनांची दुनिया. तालुक्यात हाताने लिहिलेला, हाताने कोर्टात नेलेला कागद तिथे दिसत नव्हता. मग ई-कोर्ट्स उघडलं. हे खरं तर मोठं काम आहे. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांतले खटले तिथे घरबसल्या बघता येतात. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा क्रमांक असतो : दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन आकडे कोर्टाचे, सहा खटल्याचे आणि शेवटचे चार सालाचे. तो हाताशी असला तर क्षणात सगळं समोर येतं. नसला तर पक्षकाराचं नाव टाकून शोधायचं.

मी नाव टाकलं, बाबांच्या निवृत्तीच्या कागदांवर इंग्रजीत आहे तसं, डी-एन-वाय करून. नोंद नाही. डी-एच-वाय केलं. नोंद नाही. हिंदीवाले लिहितात तसं जी-वाय केलं. एक सापडला, तो दुसऱ्याच गावचा आणि जमिनीच्या वादातला. आडनावाने शोधलं तर आमचं आडनाव तालुक्यात इतकं पसरलेलं की यादी संपेना. रात्रीचे दीड वाजले. माझ्या गाडीचे सहा गुन्हे सहा सेकंदांत सापडले होते. बाबांचा एक सापडत नव्हता.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिरस्तेदार राहतात. मंड्याकडचे, सगळी नोकरी कोर्टात गेलेली. सकाळी जिन्यात भेटले तेव्हा त्यांना सांगितलं. ‘‘अंकल, वडिलांचा खटला सापडत नाही.’’

त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग हसून म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणता ते नाव मला ऐकूच येत नाही. लिहून दाखवा.’’ मी नागरीत लिहिलं. ‘‘अहो, हे तर ज्ञानेश्वर!’’ ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून आलेल्या त्या अक्षरात आधी ज होता आणि मागे न. अगदी आईने सांगितला तसा.

‘‘कोर्टातलं नाव शोधायचं तर ज्याने लिहिलं त्याच्या कानाने शोधायचं,’’ ते म्हणाले. ‘‘ज्याचं नाव आहे त्याच्या तोंडाने नाही.’’

ज्ञ हे अक्षर मी आयुष्यभर मराठीचं आणि म्हणून सगळ्यांचं समजत होतो. लिहायला ते सगळीकडे एकच, पण आम्ही त्याचा उच्चार द आणि न जोडून करतो, दिल्लीकडे ग्य होतं, गुजरातेत ग्न, आणि कन्नडमध्ये ज पुढे येतो. त्यात कन्नड शब्दाला शेवटी स्वर लागतो. अंकलनी माझ्या फोनवर स्वतः टाइप केलं : जे-एन-ए करून सुरुवात आणि शेवटी आणखी एक ए. जिल्हा बेळगावी, साल २०१८, प्रलंबित. एकच ओळ आली. राज्य सरकार विरुद्ध दोन इसम, मोटार वाहन कायदा, वॉरंट.

वडिलांचं नाव पहिल्यांदाच कोर्टाच्या यादीत बघत होतो आणि ते माझ्या वडिलांचं वाटत नव्हतं. वाईट वाटलं म्हणावं तर तेही नाही. दूरच्या नातेवाइकाबद्दल काही कळावं तसं झालं.

‘‘अकराला राष्ट्रीय लोकअदालत आहे,’’ अंकल म्हणाले. ‘‘त्या दिवशी असले किरकोळ खटले भराभर निकाली काढतात. वडिलांना हजर करा. एक स्थानिक वकील घ्या, वॉरंट रद्द करायचा अर्ज लागेल. गुन्हा कबूल केला की दंड होईल, संपेल. गुन्हा २०१८चा आहे ना? मग दंड जुन्या दराने. त्या कलमाला तेव्हा जास्तीत जास्त हजार रुपये होते. २०१९च्या सप्टेंबरपासून पाच हजार झाले.’’

नऊ तारखेच्या रात्रीच्या गाडीने निघालो. घरी पोचेपर्यंत बाबांचा निर्णय झालेला होता. कोर्टात यायला ते तयार होते, पण दोन गोष्टींना तयार नव्हते. चुकीच्या नावाने हजर होणार नाही, आणि जे केलं नाही ते कबूल करणार नाही.

इथे आमच्या भागाबद्दल थोडं सांगावं लागेल. १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आम्ही मराठी बोलणारे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलो. १९६७ला महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही. २००४ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तो दावा अजून चालू आहे. आमच्याकडचा माणूस जन्मतो तोच एका प्रलंबित खटल्याच्या हद्दीत. बाबांनी मोर्चे काढले, १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावल्या, सातबाराचा उतारा मराठीत मिळावा म्हणून अर्जांवर अर्ज केले. २०१४च्या १ नोव्हेंबरला सरकारने बारा शहरांची नावं बदलली. त्यात बंगलोरचं बंगळुरू झालं आणि बेळगावचं बेळगावी. मी पत्त्यात दोन्ही बदल निमूट केले. बाबा अजून पाकिटावर बेळगाव लिहितात. अशा माणसाला त्याचंच नाव बदललेलं दिसल्यावर ती लिहिणाऱ्याची चूक वाटणार नाही, डाव वाटणार.

दहा तारखेला वकिलांना भेटलो. तरुण मुलगा, आमच्याशी मराठीत बोलत होता आणि कारकुनाशी कन्नडमध्ये. त्याने कागद वाचून दाखवला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. फिर्यादी, आरोपी, साक्षी, अर्जी, जामीनु, दंड. मध्येच डोळे उघडून म्हणाले, ‘‘निम्मे शब्द आपलेच आहेत की.’’

‘‘त्यांना वाटतं त्यांचे आहेत,’’ वकील हसून म्हणाला.

अर्ज, जामीन, वकील, नक्कल हे शब्द ना आमचे ना त्यांचे, फारसी अमलाबरोबर दोन्हीकडे आले आणि राहिले. दंड आणि साक्षी दोघांनीही संस्कृतातून घेतलेले. ज्या कागदातलं एक वाक्य बाबांना वाचता येत नव्हतं, त्याचा अर्थ ऐकल्यावर त्यांना बराचसा लागत होता.

कबुलीचा प्रश्न मात्र शब्दांनी सुटेना. वकिलाने समजावलं : ‘‘गुरुजी, लढायचं तर लढू. मी गाडी दिली नव्हती, त्याने न विचारता नेली, असं म्हणू. दोन-तीन वर्षं जातील आणि तोवर खटला प्रलंबित. कबूल करून हजार रुपये भरले तर उद्या संपलं. पासपोर्टला शिक्षा आड येते ती दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेची आणि नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याची. ही त्यात बसत नाही.’’

म्हणजे निर्दोष म्हणणारा अडकून राहणार आणि दोषी म्हणणारा मस्कतला जाणार. बाबांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतलं. ‘‘असा कायदा आहे होय,’’ एवढंच म्हणाले. परत येताना बसमध्ये बोलले नाहीत.

रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बसलो होतो. मोटरसायकलची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकत होती, कायम लटकते तशी. तिच्याकडे बघत बाबा म्हणाले, ‘‘मी दिली नव्हती हे खरं. पण त्याला लायसन नाही हे मला ठाऊक होतं, आणि तो गाडी नेतो हेही ठाऊक होतं. नको कधी म्हटलं नाही.’’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘हजार रुपये काही फार नाहीत.’’

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते सरहद्दीवरच्या एका गावात होते. मराठी शाळा, पण चार-दोन घरं कानडी धनगरांची. एक धनगर पोराला घेऊन आला, नाव ईरप्पा म्हणाला. बाबांना वाटलं, अडाणी माणूस, वीरप्पा म्हणायचं असेल. जनरल रजिस्टरात शुद्ध करून वीरप्पा लिहिलं. बाबांना वळणदार अक्षराचा अभिमान होता. कित्येक वर्षांनी तो पोरगा मोठा होऊन दारात आला. घरादाराच्या, जमिनीच्या सगळ्या कागदांवर ईरप्पा आणि शाळेच्या दाखल्यावर वीरप्पा. भरतीत निवड झाली होती आणि कागद जुळत नव्हते.

‘‘मी लगेच लिहून दिलं. तालुक्याला, जिल्ह्याला, सगळीकडे त्याच्याबरोबर गेलो. दुरुस्ती झाली, पण तोवर भरती गेली.’’

‘‘तो काय म्हणाला?’’

‘‘काही नाही. पाया पडला नि गेला. काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं.’’

लिहिणाऱ्याच्या कानाने शोधायचं, हे अंकलचं वाक्य मी त्यांना सांगितलं. बाबांनी मान हलवली. लगेच काही पटल्यासारखं दाखवलं नाही. आमचा कागद आम्हाला वाचता येईल अशा भाषेत का नसावा, हा त्यांचा प्रश्न तसाच होता आणि तो माझाही आहे. नाव बरोबर लिहिलं असतं तरी समन्स आईला वाचता आलं नसतंच. पण त्या रात्रीपासून ते नावाबद्दल बोलताना ‘डाव’ हा शब्द वापरेनासे झाले.

अकरा तारखेला, शनिवारी, कोर्टाच्या आवारात जत्रा होती. बँकांची टेबलं, वीजबिलांची टेबलं, वडाखाली विभागून बसलेले भाऊ-भाऊ. आमची वेळ दुपारी आली. शिपायाने दाराशी येऊन पुकारा केला. पहिल्यांदा केला, दुसऱ्यांदा केला. बाबा माझ्याशेजारी बाकावर बसले होते आणि इतर माणसांसारखेच दाराकडे बघत होते, कोण उठतंय म्हणून. मी त्यांच्या दंडाला हात लावला. ‘‘बाबा, तुम्हाला.’’

ते दचकून उठले. धोतराचा सोगा सावरला. चाळीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाने आत जाताना हात अर्धवट वर केला होता.

वकिलाने आधीच मेमो दिला होता. न्यायाधीशांनी तो वाचला, चष्म्यावरून बाबांकडे बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, ‘‘हेसरु?’’

बाबांनी सांगितलं, आपल्या उच्चाराने, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. न्यायाधीशांनी एकदा ते तोंडात घोळवलं आणि त्यांना तो द काही जमला नाही. मग कागदावर लिहिलं आणि टंकलेखकाला सांगितलं. त्यातला एकच शब्द मला नीट कळला : उर्फ.

‘‘तप्पु ओप्पिकोळ्ळुत्तीरा?’’ गुन्हा कबूल करता का?

बाबांचं बाजारातलं कन्नड चांगलं आहे. ते भाजीवाल्याशी, कंडक्टरशी भराभर बोलतात. पण सरकारी माणसाशी कन्नड बोलायचं नाही हा त्यांचा नेम मला लहानपणापासून माहीत. ते क्षणभर थांबले. वकील अस्वस्थ झाला. मग बाबा म्हणाले, ‘‘होवद्री. किल्ली नम्म मन्याग इत्तु.’’ होय साहेब, किल्ली आमच्याच घरात होती.

न्यायाधीश किंचित हसले, म्हणाले, यापुढे आत ठेवा. हजार रुपये दंड. सगळं मिळून चार मिनिटंही लागली नसतील. त्यानंतर पैसे भरून पावती घ्यायला दोन तास आणि आदेशाची नक्कल मिळायला आणखी आठवडा लागला.

पासपोर्ट एप्रिलमध्ये आले. बाबांच्या पासपोर्टवर नाव डी-एन-वाय करून आहे. नातीच्या बारशाला दोघं मस्कतला होते. आदेशाची नक्कल बाबांनी आमच्या शाळेच्या दाखल्यांच्या फायलीत ठेवली आहे आणि दाराजवळचा खिळा उपटून आतल्या खोलीत ठोकला आहे.

परत आल्यावर ते काही दिवस माझ्याकडे बंगळुरात होते. अंकलशी त्यांची ओळख करून दिली. दोघं रोज संध्याकाळी खाली बाकावर बसायचे. अंकल त्यांना ज्नानेश्वर म्हणत आणि बाबा ओ देत. एकदा बाबांनी त्यांना सांगितलेलं मी ऐकलं, की विठ्ठलाला कानडा म्हणणारेही ज्ञानेश्वरच होते. अंकल म्हणाले, ‘‘मग तुमचं नाव आमच्याकडे थोडं बदललं तर बिघडलं काय?’’ बाबा म्हणाले, ‘‘बोलण्यात बदला. रजिस्टरात नको.’’

एका रात्री त्यांनी मला ती ओळ पुन्हा दाखवायला सांगितली. मी फोनवर जे-एन-ए टाकून शोधलं. नाव तसंच होतं. दुरुस्ती आदेशात झाली होती, यादीत पोचली नव्हती. पुढे एवढंच बदललं होतं : निकाली.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला आणि एकेक अक्षर लावत ते नाव मोठ्याने वाचलं.

‘‘सुटला बिचारा,’’ म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.